पिंग लागतो, पीएलसी लागत नाही

औद्योगिक तालुका म्हणून धारूरचं नाव कोणी घेत नाही. बालाघाटाच्या माथ्यावरचा किल्ला, डोंगरउतारावरची सीताफळं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या टोळ्या एवढीच तालुक्याची बाहेर ठाऊक असलेली ओळख. पण घाट उतरून तेलगावला गेलं की लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना लागतो. शेजारच्या तालुक्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे. परिसरात जिनिंग-प्रेसिंग आहेत, पाणीपुरवठ्याचे पंप आहेत. अशा जागी आज कंट्रोल पॅनलचं दार उघडलं तर आत बहुधा एक पीएलसी दिसतो, म्हणजे यंत्राला कधी चालू आणि कधी बंद व्हायचं ते सांगणारा छोटा औद्योगिक संगणक. त्याच्या पोटाशी फोनच्या जोडणीपेक्षा जरा मोठं, चौकोनी भोक असतं. त्या भोकात लॅपटॉपची केबल घातल्यावर जे व्हायला हवं ते पुष्कळदा होत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

हे कोणत्या एका कारखान्याचं वर्णन नाही. साखर, जिनिंग, पाणीपुरवठा या तिन्ही धंद्यांत पीएलसीच्या नेटवर्कवरच्या पत्त्याचे, म्हणजे आयपीचे, बिघाड एकाच घराण्यातले असतात आणि त्यांचं वेळापत्रकही ठरलेलं असतं. मोळीपूजनाची तारीख जवळ येते, ओव्हरहॉलिंग संपतं, पॅनल पुन्हा चालू होतात आणि स्काडाच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एका जागेहून नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर एका यंत्राचे आकडे येईनासे होतात. इन्स्ट्रुमेंट खात्यातला माणूस लॅपटॉप घेऊन पॅनलपाशी बसतो. पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या ऑटोमेशनवाल्याला फोन जातो. तो विचारतो, ‘आयपी काय आहे?’ आणि इथे शांतता पसरते, कारण ते कोणालाच माहीत नसतं. मग दिवस जातो. हंगाम चालू असेल तर गव्हाण थांबते, वजनकाट्यापासून ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस जितका उभा राहतो तितका वजनात आणि उताऱ्यात उतरतो. पत्त्याचा घोळ शेवटी उसाच्या बिलापर्यंत पोचतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या बिघाडांना सरसकट ‘नेटवर्क प्रॉब्लेम’ म्हटलं जातं, पण नेटवर्क त्यात क्वचितच दोषी असतं. पत्ता कोणी दिला, तो यंत्रात कुठे साठवला, वीज गेल्यावर तो टिकणार का आणि तो कुठे लिहून ठेवला, या चार प्रश्नांपैकी एकाचं उत्तर हरवलेलं असतं. त्यात कंपन्यांनी पत्ता द्यायच्या ज्या तऱ्हा काढल्या आहेत, त्यांतल्या काही आपल्याकडच्या विजेला आणि कामाच्या पद्धतीला मुळीच मानवत नाहीत.

हा प्रश्न पीएलसीच्या जन्मापासून नाही. अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफोर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ज्याची कल्पना मांडली तो मॉडिकॉन ०८४ जनरल मोटर्सच्या कारखान्यात गेला तेव्हा त्याचं काम रिलेची भिंत हटवणं एवढंच होतं. त्याला पत्ता लागत नव्हता. १९७९ मध्ये मॉडिकॉननंच मॉडबस आणला आणि एका तारेवर अनेक यंत्रं बसू लागली. मग प्रत्येकाला १ ते २४७ यांमधला एक क्रमांक आला. सीमेन्सच्या जुन्या एस७-३०० ला एमपीआय या कंपनीच्या स्वतःच्या जोडणीवर क्रमांक २ ठरलेलाच असायचा. हे क्रमांक पुष्कळदा डीआयपी स्विचवर बसवलेले असत. पॅनल उघडलं, टॉर्च मारला, बारीक पांढऱ्या कळा मोजल्या की क्रमांक कळला. इथरनेट आल्यावर पत्ता चार आकड्यांचा झाला, त्याला मास्क (जाळ्याची हद्द) आणि गेटवे (जाळ्याबाहेरचं दार) चिकटले, आणि तो डोळ्यांनी दिसायचा बंद झाला. आता पत्ता विचारायचा तर यंत्राशी बोलावं लागतं आणि बोलायचं तर पत्ता लागतो. निम्मा मनस्ताप या एका गाठीतून निघतो.

ही गाठ प्रत्येक कंपनीनं आपापल्या मताप्रमाणे सोडवली. मित्सुबिशीचा एफएक्स५यू कारखान्यातून १९२.१६८.३.२५० हा पत्ता घेऊन येतो. ओम्रॉनचे एनजे आणि एनएक्स मालिकेतले पीएलसी १९२.१६८.२५०.१ वर असतात. आपल्याकडच्या छोट्या पॅनलांत स्वस्ताईमुळे भरपूर दिसणाऱ्या डेल्टाच्या डीव्हीपी-एसई मध्ये १९२.१६८.१.५ असतो. श्नायडरच्या एम२४१ चा हिशेब वेगळाच आहे. त्याला पत्ता दिलेला नसेल तर तो १०.१० पासून सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो आणि पुढचे दोन आकडे यंत्राच्या मॅक पत्त्याच्या, म्हणजे बनवतानाच दिलेल्या हार्डवेअर क्रमांकाच्या, शेवटच्या दोन जोड्यांवरून बनवतो. मॅक षोडशमान पद्धतीत लिहिलेला, आयपी दशमान पद्धतीत. त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन रूपांतर करणारा माणूस मी श्नायडरच्याच पॅनलपाशी पाहिला आहे, इतर कुठे नाही. तरी या चारही तऱ्हा एका अर्थी प्रामाणिक आहेत. माहितीपुस्तिका उघडली की पत्ता कळतो, लॅपटॉपला त्याच पट्ट्यातला दुसरा पत्ता द्यायचा आणि आत शिरायचं.

सीमेन्सचा एस७-१२०० नवा असताना पत्त्याविनाच येतो, म्हणजे चारही ठिकाणी शून्य. पण तो डीसीपी नावाच्या बोलीत उत्तर देतो. ही बोली आयपीच्या खालच्या थरावर चालते, म्हणून टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अॅक्सेसिबल डिव्हायसेस’ शोधले की लॅपटॉपचा पत्ता कुठलाही असला तरी पीएलसी सापडतो, निदान त्याचा मॅक तरी दिसतो. एलईडी लुकलुकवायची सोयही आहे. एका रांगेत सहा सारखे पॅनल असतील तेव्हा नेमकं कोणाशी बोलतो आहोत हे पाहायला ती फार कामाची पडते. फक्त ही बोली राउटर ओलांडत नाही. पुण्यात बसून धारूरचा पत्ता नसलेला पीएलसी शोधू पाहणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं. त्याला तो दिसणारच नाही, आणि याचा अर्थ पीएलसी मेला असा होत नाही.

रॉकवेल, म्हणजे अॅलन-ब्रॅडली, यांनी बूटपी धरला. १९८५ च्या आरएफसी ९५१ मध्ये बूटपी मांडला गेला तो ज्यांना स्वतःची डिस्क नाही अशा संगणकांसाठी. असा संगणक सुरू होताना ओरडून विचारतो, ‘हा माझा मॅक, मला पत्ता कोण देतं?’ आणि जाळ्यावरचा सर्व्हर उत्तर देतो. रॉकवेलचे बरेच पीएलसी आणि इथरनेट मॉड्यूल नवे असताना असंच ओरडत असतात. लॅपटॉपवर बूटपीचं छोटं साधन उघडलं की तो मॅक यादीत येतो, त्यावर टिचकी मारून पत्ता द्यायचा, पीएलसी तो घेतो, पिंग लागतो, म्हणजे लॅपटॉपच्या हाकेला उत्तर येतं, सगळे खूश. इथेच फसगत होते. त्या साधनात बूटपी बंद करायचं एक वेगळं बटण आहे. ते दाबल्याशिवाय पत्ता यंत्राचा होत नाही. वीज आहे तोवर तो असतो. वीज गेली आणि आली की पीएलसी पुन्हा ओरडायला लागतो आणि उत्तर देणारा लॅपटॉप तोवर पुण्याला पोचलेला असतो.

साखर कारखान्यात हा दोष किती काळ लपतो ते पाहण्यासारखं आहे. हंगामात कारखाना स्वतःची वीज स्वतः बनवतो आणि कंट्रोल पॅनलला सहसा यूपीएसचा आधार असतो. नोव्हेंबरात लॅपटॉपनं तात्पुरता दिलेला पत्ता मार्चपर्यंत सुखानं चालतो. मग गाळप संपतं, ओव्हरहॉलिंगला पॅनल बंद होतात, आणि पुढच्या ऑक्टोबरात बटण दाबलं की पत्ता गायब. मधल्या सहा-सात महिन्यांत कोणी काहीच केलेलं नसतं, म्हणून सगळे केबल तपासतात, स्विच बदलतात, उंदरांना शिव्या देतात. चूक वर्षभरापूर्वीच्या संध्याकाळची असते. पाणीपुरवठ्याच्या पंपावर हाच दोष आठवड्यात उघडा पडतो, कारण तिथे वीज रोज जाते. निदान तिथे दोषाची आणि चुकीची तारीख जवळजवळ असते.

रॉकवेलच्याच काही मॉड्यूलवर मात्र तीन छोट्या फिरत्या कळा असतात. त्यांवर ००१ ते २५४ यांतला आकडा लावला की पत्ता १९२.१६८.१ आणि पुढे तो आकडा, असा पक्का होतो. ८८८ लावून वीज दिली की मॉड्यूल कारखान्यातल्या स्थितीला परत जातो. माझ्या मते आजवरच्या सगळ्या तऱ्हांत हीच उत्तम. वीज गेली तरी पत्ता जात नाही, लॅपटॉप लागत नाही, आणि रात्रपाळीचा वायरमन फोनवर ‘शून्य-एक-सात’ असं वाचून दाखवू शकतो. कंपन्यांना मात्र कळा नकोशा होत चालल्या आहेत. कळांना जागा आणि पैसा दोन्ही लागतात.

आता लॅपटॉप. पीएलसी लागत नाही अशी तक्रार आली की मी आधी पीएलसीकडे पाहत नाही. लॅपटॉपच्या इथरनेट कार्डाला पत्ता ‘आपोआप’ घ्यायला सांगितलेलं असतं, देणारं कोणी नसतं, म्हणून विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेतं. हा आकडा दिसला की पुढचं काहीही तपासू नये, आधी हातानं पत्ता घालावा. दुसरा घोळ मोबाइलच्या हॉटस्पॉटचा. धारूरसारख्या ठिकाणी कारखान्याच्या आवारात इंटरनेट खिशातूनच येतं. पुण्याचा इंजिनिअर लॅपटॉपचा ताबा दुरून घेतो तोही हॉटस्पॉटवरच. आता लॅपटॉपला दोन तोंडं झाली, एक वायफायचं आणि एक केबलचं. दोन्ही वेगळ्या पट्ट्यांत असतील तर अडचण नाही. पण वायफाय एखाद्या राउटरवरून येत असेल आणि राउटरही १९२.१६८.१ च्याच पट्ट्यात असेल तर पीएलसीकडे जायचा निरोप खुशाल वायफायकडे जातो. वायफाय बंद केल्याबरोबर पीएलसी सापडतो आणि मग दूर बसलेल्या इंजिनिअरचा लॅपटॉपवरचा ताबा सुटतो. केबलच्या तोंडाला गेटवे भरून ठेवला असेल तर उलटंच होतं, पीएलसी लागतो आणि इंटरनेट जातं. साधा नियम असा की पीएलसीकडच्या कार्डाला गेटवे देऊ नये आणि पट्टा घरच्या राउटरच्या पट्ट्यापासून वेगळा ठेवावा.

मास्कच्या चुका याहून फसव्या, कारण त्यांत अर्धी वाट चालू असते. समजा पीएलसी १९२.१६८.३.२५० वर आहे आणि त्याचा मास्क २५५.२५५.२५५.० आहे. लॅपटॉपला १९२.१६८.१.२० दिला आणि मास्क घाईत २५५.२५५.०.० घातला. लॅपटॉपला वाटतं पीएलसी शेजारीच आहे, म्हणून तो सरळ निरोप पाठवतो आणि निरोप पोचतोही. पण पीएलसीच्या मास्कच्या हिशेबानं लॅपटॉप परक्या जाळ्यात बसलेला आहे. तो उत्तर गेटवेकडे द्यायला जातो, गेटवे नसतोच, आणि उत्तर तिथेच विरतं. पीएलसीच्या पोर्टवरचा दिवा लुकलुकताना दिसतो म्हणून पाहणारा केबल ठीक आहे असं बरोबर ओळखतो आणि पुढे चुकीच्या दिशेला जातो.

पिंगचं उत्तर वाचायलाही शिकावं लागतं, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात नीट शिकवलेलं मी पाहिलं नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आणि ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ या दोन ओळी एकच गोष्ट सांगत नाहीत. एकाच जाळ्यावर दुसरी ओळ आली तर त्या पत्त्याचा मालकच सापडला नाही असं समजावं. पहिली आली तर मालक असू शकतो, पण उत्तर देत नाही किंवा उत्तराची वाट बंद आहे. आणि विंडोजची एक खोड लक्षात ठेवावी. ‘अनरीचेबल’ची ओळ ते लॅपटॉपच्याच पत्त्याकडून आलेला ‘रिप्लाय’ म्हणून छापतं आणि खाली हरवलेले निरोप शून्य टक्के असं दाखवतं. शून्य टक्के वाचून ‘पिंग लागतोय की!’ असं सांगणारे फोन याच खोडीतून येतात.

एकाच पत्त्याचे दोन मालक निघणं हा मला या सगळ्यातला सर्वांत मनोरंजक दोष वाटतो. साखर कारखान्यात सेंट्रिफ्युगल यंत्रं रांगेनं बसवलेली असतात. यंत्र बनवणारा एक प्रोग्राम लिहितो आणि तोच सगळ्यांत भरतो. प्रत्येक यंत्राचा पीएलसी आणि त्याचा एचएमआय, म्हणजे चालकाचा पडदा, आपल्या पॅनलात सुखी असतात. सहाही पीएलसी १९२.१६८.०.१ वर आणि सहाही पडदे १९२.१६८.०.२ वर असले तरी कोणाचंच अडत नाही, कारण पॅनल एकमेकांना जोडलेले नसतात. चार-पाच हंगामांनंतर व्यवस्थापन म्हणतं, सगळे आकडे एका पडद्यावर हवेत. केबल ओढल्या जातात, एक स्विच बसतो, आणि त्याच क्षणी सहा यंत्रं एकाच नावानं ओ देऊ लागतात. एका यंत्राच्या पडद्यावर दुसऱ्या यंत्राचे आकडे येतात. पडदे कधी चालतात, कधी गोठतात. असला आता-आहे-आता-नाही दोष दिसला की पत्त्याची दुबार नोंद हा माझा पहिला संशय असतो.

तपास मात्र सोपा. संशयित पीएलसीची केबल उपटायची आणि त्याच्या पत्त्याला पिंग करायचा. उत्तर येतच राहिलं तर दुसरा मालक आहे. मग एआरपीची, म्हणजे कोणत्या आयपीला कोणता मॅक याची, यादी काढायची. तिच्यात त्या पत्त्यासमोर जो मॅक दिसेल त्याच्या पहिल्या तीन जोड्या यंत्र बनवणाऱ्याचं घराणं सांगतात. ००-८०-एफ४ दिसलं तर श्नायडर, ००-००-बीसी दिसलं तर अॅलन-ब्रॅडली, ००-१बी-१बी दिसलं तर सीमेन्स. आणि यांतलं कुठलंच न दिसता एखाद्या राउटरवाल्याचं घराणं दिसलं, तर ऑफिसात नव्यानं लावलेला वायफायचा डबा शोधावा. टीआयए पोर्टल नव्या प्रकल्पात पीएलसीला १९२.१६८.०.१ सुचवतं आणि डी-लिंकसारखे बरेच घरगुती राउटर त्याच पत्त्यावर बसलेले असतात. कोणीतरी मोबाइलला इंटरनेट मिळावं म्हणून तो डबा स्काडाच्या स्विचला जोडतो आणि रस टाकीची पातळी दिसायची थांबते. वर तो डबा मागेल त्याला पत्ते वाटतो. बूटपी-डीएचसीपी चालू राहिलेल्या एखाद्या पीएलसीला तो भलताच पत्ता देऊन मोकळा होतो. ऑफिसचं जाळं आणि यंत्रांचं जाळं वेगळं ठेवा असं सगळे सांगतात. कारण म्हणून मी चोरांच्या आधी या डब्याचं नाव घेतो.

सहा यंत्रांचे पत्ते बदलायचे की प्रत्येकापुढे पत्ते बदलून देणारा नॅट राउटर बसवायचा, याबद्दल मतभेद आहेत. नॅटवाले म्हणतात, यंत्र बनवणाऱ्याच्या प्रोग्रामला हात लावायला नको, हमी टिकते. खरं आहे. पण मग एकाच यंत्राला दोन पत्ते होतात, आतला आणि बाहेरचा, आणि रात्री दोनला कोणता कोणता हे आठवावं लागतं. मूळ प्रोग्राम हाताशी असेल तर ऑफ सीझनमध्ये पत्ते बदलून टाकावेत. मूळ प्रोग्राम नसेल, आणि तो पुष्कळदा नसतो, तर नॅटला इलाज नाही.

तारेचा भाग थोडक्यात उरकतो. मिल हाउसमधली वाफ, भुश्श्याची धूळ आणि मळीचा ओलावा आरजे-४५ च्या दातांवर बसतो. वीस रुपयांच्या जोडणीनं लाखोंच्या यंत्राला आंधळं केल्याची उदाहरणं धंद्यात कोणालाही विचारा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. बॉयलर आणि मिल यांच्यात त्याहून जास्त अंतर असेल तर फायबर टाकावं. मोटरच्या ड्राइव्हच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून इथरनेट नेऊ नये. आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन्ही टोकांचे लिंकचे दिवे पाहावेत. दिवा नसेल तर पत्त्याची चर्चा व्यर्थ आहे.

शीर्षकातला दोष आता. पिंगला उत्तर येतं, पण सॉफ्टवेअर किंवा स्काडा जोडलं जात नाही. इथवर आलेला माणूस पत्ताच पुन्हा पुन्हा बदलत बसतो, पण पत्ता बरोबर असतो. पिंग म्हणजे घराची कडी वाजवणं झालं. आतल्या माणसाशी काम असेल तर ठरलेली खोली लागते, तिलाच पोर्ट म्हणतात. मॉडबस टीसीपीला ५०२, सीमेन्सच्या एस७ ला १०२, इथरनेट/आयपीला ४४८१८. लॅपटॉपची फायरवॉल किंवा मधला राउटर ही पोर्ट अडवतो आणि पिंगला मात्र जाऊ देतो. एस७-३०० साठी बनवलेला स्काडा रॅक ० स्लॉट २ शोधतो. त्या जागी एस७-१२०० बसवला की तो स्लॉट १ वर असतो, आणि बाहेरच्याला वाचू देण्यासाठी ‘पुट/गेट’ची परवानगी त्याच्या मांडणीत मुद्दाम द्यावी लागते. ती खूण न केल्यामुळे वाया गेलेल्या दिवसांची गणती नसेल. मॉडबसमध्ये आयपी बरोबर असूनही युनिट क्रमांक चुकीचा असतो, किंवा ४०००१ मोजताना शून्यापासून की एकापासून याचा घोळ होऊन शेजारच्या रजिस्टरचा आकडा येतो. हा शेवटचा दोष सर्वांत वाईट, कारण पडद्यावर आकडा दिसतो आणि तो खोटा असतो. आणखी एक जागा टीआयए पोर्टलची. जुन्या आवृत्तीला नव्या फर्मवेअरचा पीएलसी दिसतो, पण त्यात शिरता येत नाही. सगळं तपासून झालं की हे पाहावं असं नाही, हे आधीच पाहावं.

दुरून जोडताना गेटवेची पाळी येते. पॅनलमध्ये सिमकार्डाचा राउटर बसवला, आवारातल्या लॅपटॉपवरून पीएलसी लागतो, पुण्यातून लागत नाही. पीएलसीच्या मांडणीत गेटवेची जागा रिकामी असते, म्हणून बाहेरून आलेल्या निरोपाला उत्तर कुठल्या दारानं द्यायचं हे त्याला कळत नाही. राउटरचा आतला पत्ता गेटवे म्हणून भरला की काम होतं.

मात्र काम होण्याच्या घाईत राउटरवर ५०२ पोर्ट सरळ बाहेर उघडलं जातं, आणि ते भयंकर आहे. मॉडबसला पासवर्ड नावाची चीजच नाही. ज्याला पोर्ट सापडलं त्याला पंप सापडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या अॅलिक्विपा गावाच्या पाणीपुरवठ्यावर जे घडलं ते यासाठी वाचण्यासारखं आहे. दाब सांभाळणाऱ्या एका ठाण्यावरचा युनिट्रॉनिक्स कंपनीचा पीएलसी बाहेरच्यांनी ताब्यात घेतला आणि पडद्यावर आपला संदेश झळकवला. कर्मचाऱ्यांना ते ठाणं हातानं चालवावं लागलं. या पीएलसींवरच्या हल्ल्यांबद्दल अमेरिकी सरकारी यंत्रणेनं इशारा काढला. इंटरनेटवर उघडा असलेला पीएलसी आणि कंपनीनं घालून दिलेला ११११ हा पासवर्ड तसाच ठेवणं, यांवर त्यात बोट ठेवलं होतं. अॅलिक्विपा काही महानगर नाही. गावाचा आकार पाहून चोर येत नाहीत, उघडं दार पाहून येतात. सिमच्या राउटरवर व्हीपीएन घालायला तासभर जास्त लागतो, तो द्यावा.

हाताशी कोणती साधनं ठेवावीत? पिंग आणि एआरपी लॅपटॉपमध्ये असतातच. सीमेन्सचं प्रोनेटा मोफत मिळतं आणि प्रोफिनेटवरची सगळी यंत्रं नाव-पत्त्यासकट मांडून दाखवतं. प्रोफिनेटमध्ये आयपीइतकंच यंत्राचं नाव महत्त्वाचं असतं. बदली मॉड्यूलला जुनं नाव दिलं नाही तर पत्ता बरोबर असूनही बस फॉल्टचा लाल दिवा जात नाही. जुन्या पीएलसीचा पत्ता अजिबात माहीत नसेल तेव्हा वायरशार्क कामाला येतं. लॅपटॉप आणि पीएलसी समोरासमोर जोडून पीएलसीची वीज बंद-चालू केली की तो सुरुवातीलाच काहीतरी बोलतो, बूटपीची हाक किंवा स्वतःच्या पत्त्याची घोषणा, आणि ते पकडता येतं. बरेच पीएलसी असंच सापडतात. एनमॅपसारखी संपूर्ण जाळं खरवडणारी साधनं मात्र चालू कारखान्यात वापरू नयेत. काही जुने पीएलसी त्या माऱ्यानं अडखळून थांबतात आणि मग शोधायला एकच दोष उरत नाही.

साधनांनी न सुटणारा भाग कागदाचा आहे. पॅनल बनवणाऱ्या कंत्राटदाराकडून ड्रॉइंग येतं, त्यात टर्मिनल आणि फ्यूज यांचे क्रमांक असतात, आयपी नसतो. प्रोग्रामचा मूळ संच त्याच्याकडेच राहतो. पैसे अडकलेले असतील तर तो मुद्दामच ठेवून घेतला जातो, हेही सांगायला हवं. मग कारखान्याचा माणूस पीएलसीतून प्रोग्राम वर ओढतो. एस७-३०० मधून असा ओढलेला प्रोग्राम नावं आणि टिपा गमावून येतो. त्याहून वाईट म्हणजे हंगामात कोणीतरी पत्ता थेट यंत्रावर बदलतो आणि लॅपटॉपमधल्या प्रकल्पात जुनाच राहतो. पुढच्या वर्षी एक टायमर बदलायला तो जुना प्रकल्प हार्डवेअर मांडणीसकट खाली उतरवला की पत्ताही जुना होतो आणि स्काडा तुटतो. बदलला टायमर आणि गेला आयपी, याचा संबंध लावायला मग दोन दिवस लागतात.

अभ्यासक्रमांबद्दल एकच म्हणेन. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत लॅडर, टायमर, काउंटर नेमानं शिकवतात. एकच पीएलसी आणि एकच लॅपटॉप असलेल्या प्रयोगशाळेत दुबार पत्ता कधी घडतच नाही, त्यामुळे मुलगा तो दोष पहिल्यांदा पाहतो तो चालू हंगामात, शिफ्ट इंजिनिअर डोक्यावर उभा असताना. दोन जुने पीएलसी, एक भंगारातला राउटर आणि एक स्विच यांत या लेखातले जवळजवळ सगळे दोष मुद्दाम घडवून दाखवता येतात.

हे सगळं येत्या काही वर्षांत वाढणार आहे, कारण सीमेन्सनं एस७-३०० ची विक्री आवरती घेतली आहे आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत त्यांची संख्या लहान नाही. एमपीआयच्या क्रमांक २ वर वर्षानुवर्षं बसलेला पीएलसी निघेल आणि त्या जागी इथरनेटचा बसेल. काढणारा माणूस सहसा आधी एमसीबी पाडतो. पाडू नये. जुना पीएलसी जिवंत असतानाच त्याचा क्रमांक, आयपी असेल तर आयपी, मास्क, गेटवे, यंत्राचं नाव, मॅक आणि त्याच्याशी कोण कोण बोलतं त्यांची यादी लिहून घ्यावी, एचएमआय आणि स्काडाच्या मांडणीचे फोटो काढावेत आणि तो कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवून एक प्रत इन्स्ट्रुमेंट खात्याच्या कपाटात ठेवावी. वीज गेल्यावर यातलं निम्मं परत मिळत नाही. नव्या पीएलसीला शक्यतो १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हे दोन पट्टे देऊ नयेत, राउटरांची तिथे आधीच गर्दी आहे. १७२.१६ पासूनचा खाजगी पट्टा १९९४ पासून सर्वांना मोकळा आहे आणि आपल्याकडच्या पॅनलांत तो क्वचितच कोणी वापरतं.